पैज रांगेतल्या माणसांशीच

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर टोटच्या, म्हणजे पैजेच्या तिकिटांच्या खिडकीसमोर रांग लागते, तेव्हा त्या रांगेतल्या बहुतेकांच्या मनात प्रतिस्पर्धी ठरलेला असतो: शर्यती चालवणारा क्लब. आज क्लबचा पैसा काढायचा, क्लबने गेल्या रविवारी बुडवलं ते वसूल करायचं, अशीच भाषा तिथे कानावर पडते. पण टोटवर क्लब कुणाशीच खेळत नाही. सात नंबरचा घोडा आला काय किंवा दोन नंबरचा आला काय, क्लबच्या गल्ल्यात तेवढेच पैसे राहतात. खेळ चालतो तो रांगेत आपल्या पुढे आणि मागे उभ्या असलेल्या माणसांशी. त्यांच्या हरण्यातून आपलं जिंकणं येतं आणि आपल्या हरण्यातून त्यांचं.

शर्यतीच्या पैजेबद्दल आपण केलेले कायदे, लावलेले कर आणि बनवलेली नैतिक मतं पाहिली, तर त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी या साध्या गोष्टीकडे लक्षच गेलेलं नाही. मला वाटतं, पैजेचे जेवढे प्रकार माणसाने काढले त्यांत पूल, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याची ही टोटची पद्धत, सर्वांत प्रामाणिक आहे. त्याचा प्रामाणिकपणा दोन अटींवर उभा आहे. पुलातून काढून घेतलेला हिस्सा लहान आणि उघड असावा. आणि पुलात उतरणाऱ्या प्रत्येकाला भाव, वेळ आणि नियम सारखेच असावेत. आज या दोन्ही अटी मोडल्या जात आहेत, आणि आपल्याकडे पहिली अट खुद्द सरकार मोडतं आहे.

आधी हिशेब पाहू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. समजा सहा घोड्यांची शर्यत आहे आणि विनच्या पुलात, म्हणजे फक्त पहिल्या येणाऱ्या घोड्यावर लावायच्या पुलात, एकूण १,००,००० रुपये जमले. पहिल्या घोड्यावर ४०,०००, दुसऱ्यावर २५,०००, तिसऱ्यावर १५,०००, चौथ्यावर १०,०००, पाचव्यावर ७,००० आणि सहाव्यावर ३,०००. क्लबने आपला हिस्सा म्हणून २० टक्के काढले असं धरू. उरले ८०,०००. जो घोडा जिंकेल, त्याच्या तिकीटवाल्यांनी हे ८०,००० आपापल्या तिकिटांच्या प्रमाणात वाटून घ्यायचे. पहिला घोडा आला तर ४०,००० च्या तिकिटांना ८०,००० मिळणार, म्हणजे १० रुपयांच्या तिकिटाला २० रुपये. चौथा आला तर १० ला ८०. सहावा आला तर १० ला २६६ आणि काही पैसे. ते पैसे खाली वळवून २६६ देतात, आणि अशी मोड साठत साठत तीही मोठी रक्कम होते. यालाच डिव्हिडंड म्हणतात. भिशीत जसा चालवणारा आपलं कमिशन घेतो आणि बाकीचा पैसा सभासदांचाच सभासदांत फिरतो, तसंच हे आहे. फरक एवढाच की इथे पाळी चिठ्ठीने ठरत नाही, घोड्याच्या पायांनी ठरते.

प्लेस, फोरकास्ट, क्विनेला, टानाला, ट्रेबल, जॅकपॉट या सगळ्यांचा सांगाडा हाच. प्रत्येकाचा पूल वेगळा, अट वेगळी, वाटणी तीच. जॅकपॉटमध्ये पाच शर्यतींचे पाचही विजेते ओळखणाऱ्यांत पुलाचा ७० टक्के भाग वाटतात आणि चार ओळखणाऱ्यांत ३० टक्के. पाचही कुणाला जमले नाहीत तर तो मोठा भाग पुढच्या दिवसावर जातो. रेसच्या जगात खेळणाऱ्यांनी घातले त्याहून जास्त पैसे पुलातून बाहेर पडण्याची शक्यता असते ती अशाच दिवशी, कारण त्यात काल हरलेल्यांचा पैसा मिसळलेला असतो.

आता त्याच सहा घोड्यांकडे परत या. खिडकी बंद व्हायच्या बेतात आहे. सहाव्या घोड्याबद्दल एकाला पक्की खबर आहे आणि तो त्याच्यावर १०,००० रुपये लावतो. पूल झाला १,१०,०००, हिस्सा काढून उरले ८८,०००, आणि सहाव्या घोड्यावर आता १३,००० आहेत. १० रुपयांच्या तिकिटाला मिळणारे २६६ रुपये एका झटक्यात ६७ वर आले. त्या माणसाने आपल्याच पैशाने आपलाच भाव पाडला. पुलात मताची किंमत मत देणाऱ्यालाच मोजावी लागते: जितक्या खात्रीने बोलाल, तितकं बोलण्याचं मोल घटत जातं. ज्याला काही माहीत आहे तो बोलला की भावाच्या फळ्यावर ते सगळ्यांना दिसतं. मला या व्यवस्थेचं हे अंग फार मोलाचं वाटतं.

बुकीचं गणित याच्या अगदी उलटं असतं. बुकी तुम्हाला भाव देतो आणि तो भाव तुमच्यापुरता पक्का असतो. नंतर सगळं रेसकोर्स त्या घोड्यावर तुटून पडलं तरी तुमचं तिकीट हलत नाही. खेळणाऱ्याला ही सोय वाटते, आणि ती आहेच. पण भाव पक्का म्हणजे जोखीम बुकीच्या अंगावर, आणि जोखीम अंगावर आली की कुठला घोडा येतो यात बुकीचा जीव गुंततो. रेसच्या इतिहासात घोडा मागे ओढायला जॉकीला पैसे दिल्याच्या, घोड्याला काहीबाही पाजल्याच्या जेवढ्या कहाण्या आहेत, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादा घोडा येऊ नये यातच ज्याचं हित आहे असा माणूस असतो. टोटचा असा कुणी नावडता घोडाच नसतो. खेळणारा लबाडी करू शकतो, पण ज्याच्या हातात गल्ला आहे त्याला लबाडीची गरज उरत नाही. अपवाद एकच. सगळी गर्दी एकाच घोड्यावर तुटून पडली, लाखातले ९०,००० त्याच्यावरच लागले, तर ८०,००० त्यांच्यात वाटल्यावर जिंकूनही १० चे ९ सुद्धा हातात येत नाहीत. म्हणून अनेक देशांत ठरावीक किमान डिव्हिडंड द्यावाच लागतो आणि कमी पडलेली रक्कम क्लब आपल्या पदरची घालतो.

ही कल्पना पॅरिसची. जोसेफ ऑलेर या कातालान कुळातल्या माणसाने १८६० च्या दशकात तिथल्या रेसकोर्सवर ती सुरू केली. तमाशाची, गर्दीची नस त्याला बरोबर सापडली होती. पुढे १८८९ मध्ये मुलाँ रूज उघडणाऱ्या दोघांत तो होता. फ्रेंच सरकारला त्याची कल्पना आधी संशयास्पद वाटली, मग पटली, आणि २ जून १८९१ च्या कायद्याने रेसकोर्सवर पक्क्या भावाचे बुकी बंद होऊन परस्परांची पैज हाच अधिकृत मार्ग झाला. या कायद्यामागे सरकारला उत्पन्न हवं होतं, हे उघडच आहे. तरी त्या कायद्याने एक शहाणी गोष्ट मान्य केली: पैज बंद करता येत नसेल, तर ती अशा जागी न्यावी जिथे चालवणाऱ्याला निकालात रस नसेल.

पूल चालवायचा तर मोजणी चोख हवी, आणि इथेच तो सुरुवातीला अडखळत होता. हाताने तिकिटं मोजणाऱ्या कारकुनांच्या काळात शर्यत सुटल्यावरही तिकिटं विकली जात. न्यूझीलंडने १९१० च्या कायद्याने रेसकोर्सवरून बुकींना हटवलं आणि सगळा भार टोटवर आला. १९१३ मध्ये ऑकलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर जॉर्ज ज्यूलियस यांचं यंत्र बसलं: ओतीव लोखंडाचे सांगाडे, कप्प्या, पियानोच्या तारा, आणि प्रत्येक खिडकीवर विकलेलं प्रत्येक तिकीट त्याच क्षणी बेरजेत धरण्याची करामत. ज्यूलियस हे ख्राइस्टचर्चच्या बिशपांचे चिरंजीव. पुढे १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियाने सरकारी विज्ञान संशोधन परिषद उभी केली तेव्हा तिचे ते पहिले अध्यक्ष झाले. आणि हे यंत्र त्यांनी मुळात रेससाठी बनवलंच नव्हतं. निवडणुकीत मतं मोजण्यासाठी त्यांनी ते आखलं होतं. सरकारने नको म्हटलं, तेव्हा एका मित्राने रेसकोर्सची अडचण सांगितली.

मतमोजणीचं यंत्र टोटचं यंत्र झालं, आणि मला त्यात विसंगत काहीच दिसत नाही. टोटचा फळा हे मतदानच असतं, फक्त रुपयाने केलेलं. लाखातले ४०,००० पहिल्या घोड्यावर आहेत म्हणजे जमाव सांगतो आहे की या घोड्याची जिंकण्याची शक्यता शंभरात चाळीस. जमाव किती बरोबर असतो? १९४९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रिफिथ यांनी शर्यतींचे निकाल आणि भाव ताडून पाहिले. एकंदरीत भाव आणि जिंकण्याची शक्यता यांचा मेळ चांगला बसत होता. चूक होती ती दोन टोकांना: क्वचितच येणाऱ्या घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावत होते, आणि फेव्हरिटवर थोडे कमी. पुढे अनेक देशांतल्या अभ्यासांत हेच दिसलं. हाँगकाँग मात्र याला अपवाद निघालं.

हाँगकाँगचंच उदाहरण घेऊन पुढचं सांगतो. १९८० च्या दशकाच्या मध्यावर बिल बेंटर हा अमेरिकन तिथे गेला. घोड्यांची मागची कामगिरी, वजन, अंतर, जॉकी, अशा अनेक गोष्टींचं गणित त्याने संगणकावर मांडलं आणि पुढे अफाट पैसा कमावला. १९९४ मध्ये त्याने आपली पद्धत बऱ्यापैकी मोकळेपणाने लिहून काढली. नुसतं त्याचं गणित जमावाला मागे टाकू शकत नव्हतं. जमावाचा भाव त्याने आपल्या गणितात एक घटक म्हणून मिसळला, तेव्हा ते जमावाच्या पुढे गेलं. म्हणजे रांगेतल्या हजारो माणसांच्या रुपयांत असं काही ज्ञान होतं जे इतक्या हुशार माणसाच्या संगणकाला एकट्याने सापडत नव्हतं. तबेल्यातलं, सकाळच्या सरावातलं, घोडा पॅडॉकमध्ये कसा चालला त्यातलं. रेसला जाणाऱ्याला सरसकट अडाणी समजणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाने ही गोष्ट नीट समजून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं.

यातून कौशल्याचा प्रश्न येतो, आणि आपल्याकडे हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. तामिळनाडू सरकारने घोड्यांच्या शर्यतीवरची पैज जुगार ठरवून बंद करायचा आणि मद्रास रेस क्लब ताब्यात घ्यायचा घाट घातला होता. १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे. घोड्याची पैदास, शिक्षण, जॉकीचं कसब आणि या सगळ्याचा अंदाज घेणाऱ्याची पारख हे त्यात नशिबाहून वरचढ आहे. निकाल मला योग्य वाटतो. पण पुलाच्या बाबतीत त्यात एक गोष्ट जोडावी लागते. पुलात कौशल्य म्हणजे नुसती घोड्याची पारख नव्हे. सगळ्यांनाच चांगला वाटणारा घोडा चांगला आहे हे ओळखून काही मिळत नाही, कारण त्याचा भाव आधीच पडलेला असतो. जमाव कुठे चुकतो आहे ते ओळखणं हे खरं कौशल्य, आणि ते सगळ्यांना एकाच वेळी असू शकत नाही. पुलातले सगळे खेळणारे एकदम हुशार झाले, तरी सगळे मिळून क्लबच्या हिश्शाएवढे हरणारच. म्हणून कौशल्याला वाव किती, हे हिस्सा किती कापला जातो त्यावर ठरतं.

ते आकड्यांत पाहू. जमावाच्या मते पहिल्या घोड्याची शक्यता चाळीस टक्के. काहीच हिस्सा कापला नसता, तर तुमचा अंदाज एक्केचाळीस टक्क्यांचा आणि बरोबर असला तरी चाललं असतं. २० टक्के कापल्यावर १० चे २० मिळतात. तिथे नुकसान टाळायला त्या घोड्याची खरी शक्यता पन्नास टक्के असावी लागते. चाळीसचा पन्नास ओळखणं अवघड आहे, पण आयुष्यभर घोडे पाहिलेल्या माणसाला अधूनमधून जमतं. आता कर धरा. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा रेसच्या पैजेवर २८ टक्के लागला, आणि तोही क्लबच्या हिश्शावर नव्हे, टोटमध्ये भरलेल्या पूर्ण रकमेवर. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०२१ मध्ये हा नियम अवैध ठरवला. त्यांचं म्हणणं, क्लब फक्त कमिशन कमावतो, तेव्हा कर त्यावरच. पण वाद पुढे चालू राहिला, ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात बदल करून पूर्ण रकमेवरचा कर पक्का करण्यात आला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर झाला ४० टक्के. पुलात १० रुपये जायला खिशातून १४ जातात. त्या १४ चे २० मिळणार असतील, तर नुकसान टाळायला घोड्याची शक्यता सत्तर टक्के हवी. ज्याला जमाव चाळीस म्हणतो तो खरं तर सत्तर टक्क्यांचा घोडा आहे, असं सांगू शकणारा माणूस महालक्ष्मीवर नाही, पुण्यात नाही, हाँगकाँगमध्येही नाही. एका हाताने न्यायालयाने ज्याला कौशल्य म्हटलं, ते दुसऱ्या हाताने करखात्याने अशक्य करून टाकलं.

एका तिकिटावर हे जेवढं बोचतं त्याहून कितीतरी जास्त दिवसभरात बोचतं, कारण रेस खेळणारा जिंकलेलं पुन्हा लावतो. सगळ्या खेळणाऱ्यांना मिळून एक धरा. त्यांनी १,००० रुपये घेऊन पाच शर्यती खेळल्या आणि प्रत्येक वेळी हातात आलेलं सगळं पुढच्या शर्यतीत लावलं. फक्त २० टक्के हिस्सा असेल तर शेवटी ३२८ रुपये उरतात. त्यावर ४० टक्के कर धरला तर ६१. हजारातले ६२६ सरकारकडे, ३१३ क्लबकडे, ६१ खेळणाऱ्यांकडे. आणि हे जिंकणाऱ्यावरचा आयकर न धरता. एका वेळी १०,००० च्या वर जिंकलं की तीस टक्के कापूनच हातात येतात, आणि दिवसभर हरलेलं त्यातून वजा करता येत नाही.

याच्या शेजारी मटका ठेवून पाहा. मुंबईच्या गिरणगावाला मटका सांगावा लागत नाही. एकेरी आकड्यावर रुपया लावला आणि लागला तर नऊ रुपये, आकडे दहा. म्हणजे चालवणाऱ्याचा हिस्सा दहा टक्के. बेकायदा, गल्लीबोळातला, पोलिसांना हप्ते देऊन चालणारा धंदा शंभरातले नव्वद परत देत होता, आणि सरकारी परवान्याने, कायद्याच्या छत्राखाली, उघड्या फळ्यावर चालणारा टोट खिशातून गेलेल्या १४० तले ८० परत देतो. मटक्याचं गुणगान मला करायचं नाही. त्याने किती घरं धुऊन नेली ते या शहराने पाहिलं आहे. पण ज्याला दोन्ही दारं उघडी आहेत तो कुठे जाईल, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. आज बेकायदा बुकी फोनवर भाव देतो, करही घेत नाही आणि उधारीही देतो. त्या उधारीची वसुली कशी होते ते वेगळं सांगायला नको.

करव्यवस्थेतली आणखी एक विषमता मला समर्थनाच्या पलीकडची वाटते. गोव्याच्या कॅसिनोत चिप्स विकत घेताना कर लागतो; जिंकलेल्या रकमेतून पुढचा डाव खेळलात तर त्यावर पुन्हा लागत नाही. २०२३ चे नियम तसे स्पष्ट सांगतात. घोड्यांच्या शर्यतीला ही सवलत नाही. इथे प्रत्येक तिकिटावर नव्याने कर, मग तो पैसा मागच्याच शर्यतीत जिंकलेला का असेना. ज्या खेळाला सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याचा म्हटलं, त्यावर रुलेच्या चाकापेक्षा जड कर, हे कुठल्या न्यायात बसतं?

ब्रिटनने २००१ मध्ये खेळणाऱ्यांवरचा कर काढून तो बुकींच्या ढोबळ नफ्यावर नेला. हाँगकाँगमध्ये टोट जॉकी क्लबच्या हातात आहे आणि सरकार त्याच्याकडून जबर पैसा घेतं. तिथेही उलाढालीवरच्या कराने खेळणारे बेकायदा बुकींकडे वळू लागले, तेव्हा २००६ मध्ये कर उलाढालीवरून काढून, वाटप करून उरलेल्या रकमेवर बसवला. दर ७० टक्क्यांच्या वर ठेवला, म्हणजे सरकार उदार झालं असं अजिबात नाही. फक्त कर कुठे बसवायचा एवढं बदललं. पुढच्या दहा वर्षांत तिथली शर्यतीवरची उलाढाल शंभर अब्ज हाँगकाँग डॉलरच्या पलीकडे गेली.

दुसऱ्या अटीकडे मी थोडक्यात वळतो, कारण आपल्याकडे तो धोका अजून दाराशी आहे, घरात नाही. पुलात चोरी झाली तर ती क्लबची होत नाही, रांगेतल्या माणसाची होते. २००२ मध्ये अमेरिकेत ब्रीडर्स कप स्पर्धेच्या दिवशी, सहा विजेते ओळखायच्या पुलात, टोटची यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीतल्याच एका प्रोग्रॅमरने पहिल्या चार शर्यतींचे निकाल लागल्यावर तिकीट बदललं. शेवटच्या शर्यतीत भलताच घोडा आला, सगळी विजेती तिकिटं एकाच माणसाच्या नावे निघाली, संशय आला आणि तीस लाख डॉलरचा घोटाळा उघड झाला. ते पकडता आलं, कारण तो गुन्हा होता. कायदेशीर विषमता पकडता येत नाही. अमेरिकेत मोठ्या संगणकी खेळाडूंना त्यांच्या उलाढालीच्या प्रमाणात सवलत परत मिळते, आणि ते शर्यत सुटायच्या शेवटच्या क्षणी हजारो तिकिटं एकदम पुलात टाकतात. खिडकीवरच्या माणसाने ८ चा भाव पाहून तिकीट घ्यायचं आणि घोडे पळायला लागल्यावर फळ्यावर ५ दिसायचा. सवलत मिळणाऱ्याला हिस्सा १२ टक्के पडत असेल आणि न मिळणाऱ्याला २०, तर तो एक पूल उरत नाही. एकाच फळ्याखाली दोन वेगळे खेळ चाललेले असतात. न्यूयॉर्कच्या रेसकोर्सनी अशा खेळाडूंना विनच्या पुलात शेवटच्या क्षणी यायला बंदी घातली ती याच तक्रारींनंतर. हाँगकाँगनेही मोठ्या रकमेच्या हरलेल्या तिकिटांवर १० टक्के परत द्यायला सुरुवात केली. तिथे बुकींशी स्पर्धा करायची होती हे मान्य. पण १०,००० हाँगकाँग डॉलर एका तिकिटावर लावू शकणाऱ्यालाच परतावा आणि १० डॉलरवाल्याला नाही, हे मला पटत नाही.

यावर लोक विचारतात, आणि प्रामाणिकपणे विचारतात, की जुगार खेळणाऱ्याचा कैवार कशासाठी? कर जड असेल तर बरंच, लोक कमी खेळतील. व्यसनाने घरं बसतात हे खरं आहे. पगाराच्या दिवशी नवरा घरी येतो की रेसकोर्सवर जातो या काळजीत कितीतरी बायकांनी दिवस काढले आहेत. म्हणूनच तर हजारातले ६१ आणि ३२८ यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. ज्याला सुटत नाही त्याचा पैसा जड कराने कितीतरी लवकर संपतो, आणि मग घरातला दुसरा पैसा बाहेर निघतो. ज्याला सुटतं तो एकतर घरी राहतो किंवा बुकीकडे जातो, जिथे हरण्याला तळ नाही. सरकारला खरोखर रेसची पैज नको असेल तर ती बंद करण्याचा ठराव विधिमंडळात मांडावा, त्यावर चर्चा व्हावी. मुंबई प्रांताने १९१२ मध्ये रेसकोर्सच्या परवान्याचा कायदा केला आणि १९२५ मध्ये पैजेवरच्या कराचा. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं हा व्यवहार कायदेशीर ठेवून त्यातून पैसा घेतला आहे. परवानगी द्यायची, तिचं उत्पन्न घ्यायचं, आणि वर लोकांच्या भल्यासाठी कर जड ठेवला आहे म्हणायचं, यांतल्या शेवटच्या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही.

तेव्हा पहिलं काम जीएसटी परिषदेचं. दर तिला हवा तेवढा ठेवू दे, पण तो क्लबच्या हिश्शावर बसवावा. शंभराच्या पैजेत क्लबचे २० असतील, तर ४० टक्क्यांनी ८ रुपये सरकारचे, १२ क्लबचे आणि ८० पुलात. वरच्या पाच शर्यतींच्या हिशेबात सरकारला ६२६ ऐवजी २६९ मिळतील. कागदावर घट दिसेल. पण ६२६ मिळतात ते खिडकीवर टिकून राहिलेल्या माणसाकडून, आणि तो टिकत नाही. बुकीकडे गेलेल्या हजार रुपयांतून सरकारला शून्य मिळतात.

दुसरं, प्रत्येक तिकिटावर छापावं: खिशातून किती गेले, कर किती, क्लबचा हिस्सा किती, पुलात किती. टानाला आणि जॅकपॉटमध्ये हिस्सा विनपेक्षा वेगळा असेल, तर तो त्या तिकिटावर वेगळा छापावा, कारण कमी पैशांत मोठ्या बक्षिसाच्या आशेने सर्वांत गरीब खेळणारा तिथेच जातो. तिसरं, घोडे स्टार्टिंग गेटमध्ये जाऊ लागले की खिडकी, ऑफ-कोर्स केंद्र आणि संगणक, सगळं एकाच क्षणी बंद व्हावं, आणि परताव्याची सवलत कुणालाही नसावी, कितीही मोठा गिऱ्हाईक असला तरी. ही दुसरी आणि तिसरी गोष्ट क्लबांच्या स्वतःच्या नियमांत बसते. त्यासाठी दिल्लीची वाट पाहायचं कारण नाही, आणि पुण्याचा पावसाळी हंगाम सुरू होण्याआधी ती करता येते.